कर्करोग लागट आहे काय? एका शोधाची हकीकत

एखाद्या घरात कर्करोगाचे माणूस असले की शेजारपाजारच्या वागण्यात न बोलता फरक पडत जातो. चहाचा कप वेगळा निघतो. त्या घरी हळदीकुंकवाला गेलेल्या बायका उंबरठ्यावरच कुंकू लावून घेऊन परततात. मुलांना "तिकडे खेळायला जाऊ नको" म्हणून दटावले जाते. राजूरसारख्या खाणीच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या गावात भिंतीला भिंत लागून संसार असतात, तेथे ही गोष्ट त्या घरापासून लपत नाही. असे वागणाऱ्या बायका काही दुष्ट नसतात. त्यांना आपल्या लेकरांची काळजी असते इतकेच. डॉक्टर तर म्हणतात कर्करोग लागत नाही, असे कोणी सांगू गेले की एखादी शिकलेली सून विचारते, "मग काही कर्करोग विषाणूमुळे होतात असे वर्तमानपत्रात येते, ते कसे?"

भगिनींनो, प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर दिले तर ते अर्धेच ठरेल. पुरे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांनाही कित्येक वर्षे लागली. ती हकीकतच येथे सांगावयाची आहे. तिच्यात बायकांचा वाटा बराच आहे आणि त्यांची नावे आपल्या कानांवर फारशी येत नाहीत, हेही हा विषय निवडण्याचे एक कारण होय.

या गोष्टीचे मूळ एका कोंबडीपाशी आहे. १९११ साली न्यूयॉर्कच्या पेटन राउस नावाच्या तरुण संशोधकाने कोंबडीच्या अंगातील गाठ वाटली, तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्या गाळणीतून पेशी तर सोडाच, साधे जंतूही पार होत नाहीत. तरी त्या कोंबड्यांना तशीच गाठ आली. याचा अर्थ असा, की त्या रसात जंतूहूनही सूक्ष्म असे काही तरी होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. त्या वेळच्या विद्वानांनी मात्र कोंबडीचे कोंबडीपाशी म्हणून ही गोष्ट बाजूला सारली. राउस यांना या कामाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. शास्त्राच्या दरबारात किती धीर धरावा लागतो याचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखिकेला ठाऊक नाही.

कोंबडीपासून माणसापर्यंतचा रस्ता आफ्रिकेतून गेला. युगांडा देशातील कंपाला शहरी मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट हे आयरिश शल्यवैद्य काम करीत होते. लहानपणीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला होता. १९५७ साली त्यांच्या एका सहकाऱ्याने त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखविला. त्याच्या जबड्याला वर-खाली, दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी सूज होती. एका बाजूची सूज असती तर दाताचे दुखणे किंवा पू झाला असे म्हणता आले असते. पण चारही कोपरे एकदम? बर्किट कोड्यात पडले. पुढे थोड्याच दिवसांत जिंजा गावच्या रुग्णालयात गेले असता त्यांनी सहज खिडकीबाहेर पाहिले, तर हिरवळीवर आईजवळ एक मुलगी बसलेली, आणि तिचाही चेहरा तसाच! ते धावत बाहेर गेले. तपासले तर तिच्या पोटातही गाठी होत्या. एक मूल म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येते. दुसरे दिसल्यावर ते सोडवेना.

त्यांनी जुनी कागदपत्रे चाळली आणि तशी आणखी मुले शोधून काढली. जबड्यात, पोटात, मूत्रपिंडात, डोळ्याच्या खोबणीत अशा निरनिराळ्या जागी येणाऱ्या गाठी हा एकच रोग आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढे असे ठरले, की हा लिम्फोमा आहे. म्हणजे रोगाशी झुंजणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तात आणि मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या ग्रंथींत असतात, त्यांचा हा कर्करोग. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींत. या रोगाला पुढे बर्किट लिम्फोमा हेच नाव पडले.

बर्किट यांच्या हाती मोठी प्रयोगशाळा नव्हती की पैसा नव्हता. त्यांनी एक साधी गोष्ट केली, ती म्हणजे विचारपूस. आजारी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके त्यांनी आफ्रिकेतील दवाखान्यांना पाठविली आणि असे मूल तुमच्याकडे येते का, म्हणून विचारले. उत्तरे आली तशा नकाशावर खुणा केल्या. मग ऑक्टोबर १९६१ मध्ये एका जुन्या मोटारीतून दोन डॉक्टर मित्रांसह ते निघाले आणि दहा आठवड्यांत सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून दवाखान्यामागून दवाखाना पाहून आले. नकाशावर जो पट्टा उमटला तो चमत्कारिक होता. हा रोग आफ्रिकेच्या मध्यभागी दिसे. पण उंच डोंगरी प्रदेशात नाही, कोरड्या प्रदेशात नाही, थंडीच्या प्रदेशात नाही. डासांचा अभ्यास करणाऱ्यांनी तो पट्टा लगेच ओळखला. जेथे हिवताप बारमाही ठाण मांडून बसलेला असतो तेथेच हा रोग होता. तेव्हा डासच याचा विषाणू नेत असावा, असा कयास निघाला. हा कयास निम्मा चुकीचा होता आणि निम्मा बरोबर. ते कसे, हे ओघाने येईलच.

तो मोठा प्रवास होण्यापूर्वी, २२ मार्च १९६१ रोजी, बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एक व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे चाळिशीचे एक संशोधक होते. राउस यांच्या त्याच कोंबडीच्या विषाणूवर त्यांनी काम केलेले होते. पाऊस आणि उष्णतेशी जोडलेला कर्करोग ऐकताच, याच्या मुळाशी विषाणू असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. व्याख्यान संपताच ते बर्किटना भेटले. कंपालाहून लंडनला गाठींचे तुकडे विमानाने यावेत, असे ठरले.

तुकडे येऊ लागले. एपस्टाइन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. हे यंत्र प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहते, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे विषाणूही त्यात दिसतात. दोन वर्षे झाली, काहीच दिसेना. कदाचित या पेशी शरीराबाहेर वाढविल्या तर विषाणू डोके वर काढील, असे त्यांना वाटू लागले. परंतु ही पांढरी पेशी शरीराबाहेर जगविणे तेव्हा कोणालाही साधलेले नव्हते. एपस्टाइन यांनी मदतीला दोन माणसे घेतली. एक त्रिनिदादचे बर्ट अचाँग. सूक्ष्मदर्शकाचे काम त्यांच्याकडे. दुसरी इव्हॉन बार, आयर्लंडच्या कार्लो गावी १९३२ साली जन्मलेली आणि डब्लिनला प्राणिशास्त्र शिकलेली; तिच्याकडे पेशी वाढविण्याचे काम.

पेशी वाढविणे हे काम कसे असते, हे दह्याचे विरजण रोज सांभाळणाऱ्या बाईला समजावून सांगावे लागणार नाही. ऊब कमी झाली तर वाढत नाही, जास्त झाली तर बिघडते, भांडे जरा अस्वच्छ असले तर भलतेच काही वाढून बसते. आणि हे एक दिवसाचे काम नव्हे. रोजचे, सणावारीही न चुकणारे.

५ डिसेंबर १९६३ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या जबड्यातील गाठीचा तुकडा कंपालाहून निघाला. लंडनवर दाट धुके होते. विमान मँचेस्टरला उतरविले गेले आणि तुकडा पोहोचायला बराच उशीर झाला. कुपी उघडली तो आतील द्रव गढूळ. हा नासला, जंतूंनी भरला, असे म्हणून कोणीही तो फेकून दिला असता. पण एपस्टाइन यांनी एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. जंतू नव्हतेच, प्रवासातल्या हिंदकळण्याने गाठीतून सुटलेल्या पेशी द्रवात मोकळ्या तरंगत होत्या. आजवर ते तुकडा तसाच ठेवून वाढवू पाहत होते. या पेशींना एकमेकींपासून सुटे होऊन पाण्यात तरंगायला हवे होते, आणि ते धुक्याने करून दिले! त्या पेशी वाढल्या. बर्किट लिम्फोमाच्या पेशींचे ते पहिलेच टिकलेले वाण. एपस्टाइन आणि बार यांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'ईबी' म्हणू लागले.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी एपस्टाइन यांनी त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या आणि पहिल्याच पेशीत विषाणू दिसला. झोताच्या उष्णतेने नमुना जळून जाईल या भीतीने त्यांनी यंत्र बंद केले आणि बाहेर बर्फात एक फेरी मारून आले, असे ते पुढे सांगत. मग परत येऊन शांतपणे पाहिले. विषाणू ओठांवर जर उठविणाऱ्या विषाणूच्या घराण्यातला होता, पण ओळखीच्यांपैकी कोणताच नव्हता. २८ मार्च १९६४ च्या 'लॅन्सेट'मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार या तिघांच्या नावे तो प्रसिद्ध झाला. विषाणूचे नाव मात्र एपस्टाइन-बार असे पडले. अचाँग यांचे नाव मागे राहिले. इव्हॉनबाईंचे नाव सर्वतोमुखी झाले खरे, पण लग्नानंतर त्या ऑस्ट्रेलियात गेल्या, तेथे त्यांना संशोधनाची जागा मिळाली नाही, आणि पुढे त्यांनी शाळेत गणित व विज्ञान शिकविले. २०१६ साली त्या वारल्या. त्यांच्या वर्गात बसलेल्या मुलींना आपल्या बाईंचे नाव जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेले आहे, हे ठाऊक असेल का, असा विचार मनात येतो.

येथवर हकीकत सरळ आहे. गाठीत विषाणू दिसला, तेव्हा विषाणूनेच गाठ केली, असे म्हणून गोष्ट संपवावीशी वाटते. परंतु चोरीच्या घरात एखादा माणूस दिसला म्हणून तोच चोर, असे न्यायाधीश म्हणत नाही. तो पाहुणा असेल, शेजारी असेल, नुसता वाटसरूही असेल.

इंग्लंडमध्ये या विषाणूची पुढची तपासणी करायला कोणी फारसे उत्सुक दिसेना, म्हणून एपस्टाइन यांनी पेशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात वेर्नेर आणि गेर्ट्रूड हेन्ले या जर्मन दांपत्याकडे पाठविल्या. येथे एक मौज आहे. अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो हे केव्हा मानावे, याचे नियम रॉबर्ट कॉख यांच्या नावे प्रसिद्ध आहेत. ते ज्यांच्या शिकवणीतून निघाले ते याकोब हेन्ले हे वेर्नेर यांचे आजोबा. नियमाचे सार असे, की जंतू रोग्यात सापडावा आणि निरोग्यात सापडू नये. आता नातू आणि नातसून यांनी काय पाहिले? शरीरात विषाणू येऊन गेला असला की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे राहतात. बर्किटच्या आजाऱ्या मुलांच्या रक्तात ती सर्वांत होती, भरपूर होती. पण मग त्यांनी अमेरिकेतील धडधाकट मोठ्या माणसांचे रक्त तपासले. त्यांतल्याही बहुतेकांत ती होती! आजोबांचा नियम नातवाच्या परीक्षानळीत मोडला.

म्हणजे हा विषाणू दुर्मीळ नव्हता. तो जवळजवळ सर्वांच्या घरी येऊन राहिलेला भाडेकरू होता. आज असे मानतात, की जगातल्या दर दहा प्रौढांपैकी निदान नऊ जणांच्या शरीरात तो जन्मभर राहतो. मग तो करतो तरी काय?

याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या एका तरुण मुलीच्या आजाराने दिले. हेन्ले यांच्याकडे काम करणाऱ्या एका सहायिकेच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती. म्हणून तुलनेसाठी तिचे रक्त नेहमी वापरीत. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ती तापाने पडली, मानेत अवधाणे आली, अंगावर पुरळ उठले. तो ग्रंथिज्वर होता. बरी होऊन कामावर आली तेव्हा तिचे रक्त तपासले, तर त्यात प्रतिपिंडे आलेली. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांचे आजारापूर्वीचे आणि आजारानंतरचे रक्त साठविलेले होते. त्यातही तेच आढळले. १९६८ साली जाहीर झाले, की ग्रंथिज्वर याच विषाणूने होतो. तो लाळेतून पसरतो. गरीब देशांत तो बाळपणीच, आईच्या पाप्यातून, भरविताना, एकाच पेल्यातून येतो आणि बहुधा काही खूण न ठेवता निजून राहतो. श्रीमंत देशांत मुलांना तो उशिरा, तारुण्यात गाठतो, म्हणून तेथे ग्रंथिज्वर अधिक.

आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. हा विषाणू लागतो, अगदी सहज लागतो. आणि ज्या बाईने शेजारणीचा कप वेगळा ठेवला, तिच्या स्वतःच्या लाळेतही तो बहुतेक वर्षानुवर्षे आहेच.

तरीही कोडे उरले. सर्वांत असलेला विषाणू मोजक्याच मुलांत कर्करोग कसा करील? यासाठी फ्रान्सचे गी द ते आणि त्यांच्या मंडळींनी धीराची परिसीमा केली. १९७२ पासून त्यांनी युगांडाच्या वेस्ट नाइल भागात ४२,००० मुलांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले आणि वाट पाहिली. पुढील काही वर्षांत त्यांतल्या ज्या थोड्या मुलांना हा लिम्फोमा झाला त्यांचे जुने रक्त काढून पाहिले. रोग होण्याच्या कितीतरी आधीच, काहींत तर वर्षांपूर्वी, त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे इतर मुलांपेक्षा बरीच चढलेली होती. १९७८ साली हे प्रसिद्ध झाले. वाटसरू नव्हे, तो आधीपासून घरात काही करीत होता, याचा हा भक्कम पुरावा.

आणि तो करतो काय, हेही हळूहळू उलगडले. पांढरी पेशी हा शरीराचा पहारेकरी समजा. काम संपले की जुन्या पहारेकऱ्याने निवृत्त व्हावे, अशी शरीराची शिस्त असते. विषाणू त्याच्या आत शिरून त्याची निवृत्ती लांबवितो. बारमाही हिवतापाच्या मुलखात शरीर सतत नवे पहारेकरी भरती करीत असते, आणि विषाणू लागलेल्या पेशींवर नजर ठेवणारी दुसरी फौज हिवतापाने ढिली पडते. या धांदलीत एखाद्या पेशीच्या गुणसूत्रांचे तुकडे चुकीचे जोडले जातात. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या यांका मानोलोव्हा आणि त्यांचे पती गेओर्गी या बल्गेरियन दांपत्याला १९७२ साली या गाठींच्या पेशींत चौदावे गुणसूत्र लांबलेले आढळले. पुढे कळले, की तो वाढीव तुकडा आठव्याचा. १९८२ साली त्या तुकड्यावर वाढीचा हुकूम देणारे जनुक असल्याचे समजले. चुकीच्या जागी बसल्याने त्याचा हुकूम थांबतच नाही. विषाणू, हिवताप आणि ही जोडणीची चूक, असे तिघे एकत्र आले तर गाठ होते. म्हणून डासाविषयीचा तो जुना कयास निम्मा खरा ठरला. डास विषाणू नेत नव्हता. तो साथीदाराला नेत होता. आफ्रिकेबाहेर होणाऱ्या बर्किट लिम्फोमात पुष्कळदा हा विषाणू सापडतही नाही, यावरून एकट्या विषाणूवर सारे खापर फोडता येत नाही, हे दिसेल. तरी १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडविणाऱ्यांच्या यादीत पहिल्या वर्गात घातले.

हे सारे कंपाला, लंडन, फिलाडेल्फियात चालले असता आपल्या मुंबईला, परळला, काही बायका याच प्रश्नाशी झुंजत होत्या. १९४१ साली तेथे टाटा स्मारक रुग्णालय निघाले. तेथील प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली, आणि १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या समर्थ, जन्म १९१७ सालचा. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या, एम. एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील झाडांची गुणसूत्रे अभ्यासली. लग्न होऊन मुंबईला आल्यावर संसार सांभाळून १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या माणसाच्या पेशींचे पहिले वाण याच गायसाहेबांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली निघाले होते. परत आल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईत पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा घातली. आपल्या देशातील ती पहिली.

त्यांचा विषय होता स्तनांचा कर्करोग. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखविले होते, की उंदरांच्या काही जातींत हा रोग आईच्या दुधातून पिलांना जातो. त्या दुधात विषाणू असतो. पिले दुसऱ्या, निरोगी जातीच्या उंदरीच्या अंगावर वाढविली तर बहुतेक वाचतात. रणदिवेबाईंनी उंदरांवरच काम करून असे दाखविले, की विषाणू, स्त्रीदेहातील अंतःस्राव आणि वंश यांच्या एकत्र ओढाताणीतून हा रोग होतो. एकटा कोणीच पुरेसा नाही. बर्किटच्या गाठीविषयी जगाला जे पुढे कळावयाचे होते, त्याच वळणाचा हा विचार होय.

आता ज्या बाईच्या अंगावर लेकरू आहे तिला उंदराची ही गोष्ट ऐकून काय वाटेल? माणसाच्या दुधातही असे काही असेल काय? हा प्रश्न प्रयोगशाळेतच राहिला नाही. मुंबईच्या पारशी समाजात स्तनांचा कर्करोग जास्त, म्हणून त्या स्त्रियांचे दूध तपासण्यात आले. परळला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची बाजू सांभाळणाऱ्या सत्यवती सिरसाट या कामात होत्या. भारतात कर्करोगाच्या अभ्यासाला हे यंत्र प्रथम जुंपले ते त्यांनीच. काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे कण दिसले, आणि १९७१ साली अमेरिकन संशोधकांबरोबर हे 'नेचर' पत्रात छापून आले. जगभर खळबळ झाली. पण पुढच्या तपासात ते कण हेच रोगाचे कारण, हे काही सिद्ध होऊ शकले नाही. आईच्या दुधातून बाळाला कर्करोग जात नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो, हे आता पक्के आहे.

लंडनला यंत्राखाली दिसले ते ठरले, परळला दिसले ते ठरले नाही. यंत्र तेच, हात तितकेच कसबी. फरक होता तो पुढल्या वर्षांत मिळालेल्या पुराव्यांचा. आपल्या भगिनींचे नाव पारितोषिकांच्या यादीत नाही म्हणून त्यांचे काम कमी मोलाचे, असे समजू नये. जे खरे नाही ते खरे नाही, हे ठरवायलाही कोणी तरी आयुष्य खर्चावे लागते. रणदिवेबाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना निघाली, तीत त्या पुढे होत्या. २००१ साली त्या निवर्तल्या.

एपस्टाइन-बार विषाणूचा आपल्याकडला खरा ठिकाणा मात्र दुसऱ्या एका लिम्फोमात आहे. त्याला हॉजकिनचा रोग म्हणतात. हा बहुधा मानेतल्या ग्रंथींपासून सुरू होतो. या ग्रंथींत एक मोठी, घुबडाच्या दोन डोळ्यांसारखी दिसणारी पेशी असते, आणि १९८० नंतरच्या दशकात त्या पेशीतच हा विषाणू सापडला. पाश्चात्त्य देशांत थोड्याच रोग्यांत तो असतो. आपल्याकडे टाटा रुग्णालयातील व इतर ठिकाणच्या तपासण्यांत तो बहुसंख्य रोग्यांत आढळला, आणि लहान मुलांत तर फारच.

त्या घुबडडोळ्या पेशीचे पहिले नीट वर्णन करणाऱ्यांत डोरोथी रीड ही अमेरिकन स्त्री होती. तिच्या आधी थोर थोर पंडित हा रोग म्हणजे क्षयाचाच प्रकार मानीत. १९०२ साली रीडबाईंनी ठणकावून सांगितले, की हा क्षय नव्हे, वेगळाच रोग आहे. बाई म्हणून तिला त्या खात्यात बढतीची आशा नव्हती. ती ते काम सोडून गेली आणि पुढे विस्कॉन्सिन प्रांतात बाळंतिणी व बाळे यांच्या आरोग्यासाठी झटली.

तो गोंधळ आपल्या दारात अजून आहे. मुलाच्या मानेत गाठ आली की आजी म्हणते गंडमाळ, म्हणजे ग्रंथींचा क्षय. आपल्या भागात क्षय पुष्कळ, तेव्हा ते बहुतेकदा खरेही असते. पण लिम्फोमाची गाठ दिसायला तशीच. ती दुखत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. लेप, मंत्र, कडूलिंबाचा पाला असे महिने जातात. कोणाला क्षयाचीच औषधे चालू असतात आणि गाठ मात्र वाढतच असते. तेव्हा चार-सहा आठवड्यांत न बसणारी, वाढत जाणारी गाठ, सोबत सारखा ताप, रात्री अंथरूण भिजविणारा घाम, वजनाची घट, असे काही असेल तर गाठीचा तुकडा काढून तपासून घ्यावा. तुकडा काढला की रोग भडकतो, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तिला आधार नाही. तुकडा न पाहता क्षय की लिम्फोमा, हे मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही डोळ्यांनी सांगता येत नाही. राजूरहून नागपूरचे मेडिकल, तेथलेच राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठता येते. वणीची बस चुकवून घरी परतू नये. कारण या दोन्ही रोगांवर औषध आहे. बर्किट यांना तर १९६० च्या सुमारासच आढळले, की औषधाच्या थोड्या मात्रांनीही काही मुलांच्या गाठी विरघळून जातात. आणि हॉजकिनचे वेळेवर आलेले मूल आज बहुधा पूर्ण बरे होते.

तर शिकलेल्या सुनेच्या प्रश्नाचे उत्तर असे. काही विषाणू लागतात, आणि ते क्वचित, इतर कारणांची जोड मिळाली तर, बऱ्याच वर्षांनीही कर्करोगाला वाट करून देतात. झालेला कर्करोग मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. लिम्फोमाच्या मुलाजवळ बसल्याने, त्याला भरविल्याने, त्याच्या पांघरुणात निजल्याने कोणाला लिम्फोमा होत नाही. उलट औषधे चालू असता त्या मुलाचीच शक्ती उतरलेली असते. त्याला आपल्या सर्दीपडशापासून जपावे लागते. दूर राहावयाचे असलेच तर शिंकणाऱ्या शेजारणीने त्याच्यापासून दूर राहावे.

या शोधाने पुढे एक दार उघडले. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो हे मान्य झाल्यावर, त्या विषाणूवर लस काढली तर कर्करोगच टळेल, हा विचार ओघानेच आला. काविळीच्या 'ब' विषाणूची लस यकृताचा कर्करोग टाळते. आपल्या बाळांना ती आता जन्मल्यावर लगेच टोचतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवर पुण्याच्या सीरम संस्थेने केलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली; ती मुलींना वयात येण्याच्या सुमारास देतात. एपस्टाइन यांनीही आपल्या विषाणूवर लस निघावी म्हणून पुढे पुष्कळ खटपट केली. ते २०२४ च्या फेब्रुवारीत वयाच्या १०२ व्या वर्षी वारले, तोवर ती निघाली नव्हती. माणसांवर तिच्या चाचण्या चालू आहेत.